साडेसव्वीस कोयते

उंबरदऱ्यात ‘सुंदरराव कुठं राहतात’ असं एखाद्या परक्या पाहुण्यानं विचारलं, तर पारावरची माणसं आधी एकमेकांच्या तोंडाकडं बघतील. ‘मुकादम’ म्हणा, लगेच चार बोटं एकाच घराकडं जातील. बायको त्यांना ‘अवं’ म्हणते, पुतण्या ‘तात्या’ म्हणतो आणि बाकी सगळा दरा ‘मुकादम’ म्हणतो. सुंदरराव हे नाव रेशनकार्डावर आणि मतदारयादीत तेवढं उरलं होतं. त्याचं त्यांना कधी काही वाटलंही नव्हतं.

चाळीस हंगाम त्यांनी ऊसतोडीची टोळी नेली. दसरा झाला की गावातली धडधाकट माणसं लांबच्या कारखान्यांवर ऊस तोडायला जातात. ती जमवायची, ट्रकात बसवायची, उसाच्या फडात उभी करायची आणि कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की परत आणून सोडायची, हे मुकादमाचं काम. या धंद्यात माणसं मोजतात ती कोयत्यावर. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. एकटं माणूस असलं तर तो अर्धा कोयता. हे मोजमाप गावाच्या इतकं अंगवळणी पडलंय, की बारशाच्या स्वयंपाकाचा अंदाज घेतानाही बायका विचारतात, ‘तुमच्याकडचे किती कोयते येतेल?’

सुंदररावांचं भांडवल म्हणजे आवाज आणि डोकं. फडाच्या कडेला उभं राहून त्यांनी पहाटे हाळी दिली की पाचटाच्या कोप्यांतून, म्हणजे झोपड्यांतून, माणसं डोळे चोळत बाहेर पडायची. साठ-सत्तर जोड्यांची हजेरी तोंडपाठ. वही कधी बाळगली नाही. एखाद्यानं झोपेत पुटपुटल्यासारखं उत्तर दिलं, तर ‘ऐकू न्हाई आलं’ म्हणून त्याच्याकडून पुन्हा वदवून घ्यायचे. मात्र स्वतः कोयता त्यांनी जन्मात धरला नाही. मुकादम ऊस तोडत नाही, मोळी उचलत नाही. त्याचं नाव हजेरीतही नसतं, कारण हजेरी घेणारा तोच.

मग बीडच्या डॉक्टरनं रक्तदाबाची गोळी सुरू केली आणि जागरणं बंद करायला सांगितली. टोळी पुतण्या प्रवीणच्या हवाली करून सुंदरराव त्या दसऱ्याला पहिल्यांदा गावात राहिले. गाव म्हणजे काय उरतं हो दसऱ्यानंतर? म्हातारीकोतारी, शाळेतली लेकरं, शेरडं आणि कुलपं. पण सुंदररावांचे पहिले तीन महिने मजेत गेले. सकाळी ऊन खायचं, विश्वेश्वर आप्पांच्या किराणा दुकानापुढं बसून त्यांच्या तराजूला नावं ठेवायची, दुपारी झोपायचं. माणूस सुखात असला की असा थोडा वाह्यात होतोच.

माघ लागला. एका पहाटे जाग आली तर वनमालाबाई घरात नव्हत्या. घडवंचीवर घागर नव्हती, कळशी नव्हती. सुंदरराव टॉर्च घेऊन बाहेर पडले, तर ओढ्याकडं जाणाऱ्या वाटेवर म्हाताऱ्या बायकांची रांग. वनमालाबाईंचे गुडघे गेलेले. एक पाय टेकवत, दुसरा ओढत त्या उतरत होत्या. खाली ओढ्याच्या वाळूत हातभर खड्डा होता, झिरा म्हणतात त्याला. त्यात पाणी पाझरायचं, ते वाटीनं भरून घागरीत ओतायचं. एक घागर भरायला अर्धा-पाऊण तास. विहीर पौषातच आटलेली होती.

सुंदरराव वाळूत उकिडवे बसले. बराच वेळ बघत राहिले.

‘हे कवापासून चालू हाय?’

‘आपलं लगीन झाल्यापून,’ वनमालाबाई वाटी न थांबवता म्हणाल्या.

‘आन मला कावून सांगितलं न्हाईस?’

‘कवा सांगू? माघात तुमी कवा गावात व्हतात?’

चाळीस वर्षांत त्यांनी आपल्याच गावाचा माघ पाहिला नव्हता. ते यायचे चैत्रात, तोवर टँकर सुरू झालेला असायचा. बायकोचे गुडघे अंगानं सुटल्यामुळं गेले अशी त्यांची समजूत होती, आणि तिच्या अंगावरून त्यांनी पाव्हण्यारावळ्यांत थट्टाही केलेली होती. त्या पहाटे त्यांना फार लाज वाटली. घागर त्यांनी उचलली, खांद्यावर घेतली आणि चढावर दोनदा सांडली. मागून येणाऱ्या म्हाताऱ्यांनी त्यांना वाट दिली आणि तोंडाला पदर लावला.

त्या दिवसापासून त्यांच्या डोक्यात गावतळं शिरलं. दऱ्याच्या वरच्या अंगाला, दोन डोंगर जिथं जवळ येतात तिथं, जुन्या काळचं एक तळं आहे. आहे म्हणजे होतं. सुंदरराव मिसरूड फुटलेल्या वयाचे असताना एका पुरानं त्याचा बांध मधोमध फुटला, आणि तेव्हापासून त्यात बाभळी आणि गाळ. ते तळं भरलं तर गावच्या विहिरीला उन्हाळाभर पाणी राहायचं, हे म्हाताऱ्यांना आठवत होतं. बांध बांधायचा तर माणसं पाहिजेत. आणि माणसं जमवण्याखेरीज सुंदररावांना जगातलं दुसरं काहीही येत नव्हतं.

पट्टा पडला, टोळ्या परत आल्या. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी सुंदररावांनी पारावर सगळ्यांना गोळा केलं आणि श्रमदानाचं सांगितलं. रोज सकाळी सहा ते नऊ, ज्याचं त्यानं टोपलं-फावडं आणायचं, दोन महिन्यांत बांध उभा करायचा.

‘मुकादम,’ मागून आदिनाथ म्हणाला. हा गडी टोळीतला सगळ्यात चपळ आणि तोंडानं त्याहून चपळ. ‘उचल किती देतालाव?’

उचल म्हणजे हंगामाआधी मुकादम हातावर ठेवतो ते पैसे. त्याशिवाय मुकादमाच्या मागं कुत्रंही जात नाही.

‘उचल न्हाई बे. फुकट हाय.’

मुकादमाच्या तोंडून ‘फुकट’ हा शब्द ऐकून पारावर असा हशा पिकला, की पाराखाली झोपलेलं कुत्रं उठून गेलं. हसून हसून माणसं घरी गेली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला तळ्यावर दोनच जण आले. विश्वेश्वर आप्पा चहाची किटली घेऊन आले होते आणि तुळजाबाई हातोडी घेऊन.

तुळजाबाई म्हणजे टोळीतल्या म्हाळूची बायको. म्हाळू जाऊन तीस वर्षं झाली. चौसष्टीची बाई, काटक, कमी बोलणारी. सुंदररावांनी तिला पाहिलं, मान हलवली आणि पुन्हा वाटेकडं डोळे लावले. कोयते कधी येतात ते ते बघत होते.

कोयते आले नाहीत. मग सुंदररावांनी आपला जुना डाव काढला. एखादी जोडी टोळीत यायला का-कू करत असली, की ते त्यांच्या उंबरठ्यावर जाऊन बसायचे आणि काहीच बोलायचे नाहीत. चहा दिला तर प्यायचा, नाही दिला तर बसायचं. घरातल्यांना आत जाता येत नाही, बाहेर येता येत नाही. तासाभरात माणूस ‘येतो बाबा’ म्हणतो. हे त्यांनी रोज दोन घरी सुरू केलं. शिवाय सकाळी साडेपाचला पारावरून हाळी. ती ऐकली की चाळीस वर्षांच्या सवयीनं माणसांचे पाय आपोआप चपलांत जायचे. आदिनाथ तर डोळे मिटूनच तळ्यावर आला आणि म्हणाला, ‘मुकादम, मी फडात चाललो म्हणून निगालतो. इथं आल्यावर कळलं.’ त्याची बायको धनश्री मागून दोन टोपली घेऊन आली होती. ती आधीपासून जागी होती.

पंधरा दिवसांत सव्वीस जोड्या झाल्या. पाटोद्याहून आठ दिवसांसाठी एक जेसीबी मिळालं. त्यानं गाळ काढला, काळी माती आणि मुरूम घालून फुटलेला बांध भरून दिला आणि ते निघून गेलं. खरं काम त्यापुढं होतं. मातीच्या बांधाला पाण्याच्या बाजूनं दगडांचं पिचिंग लागतं, नाहीतर लाटा माती खातात. ते मशीनला येत नाही. उंबरदऱ्यात ते एकाच माणसाला येत होतं, आणि ते म्हणजे तुळजाबाई. बहात्तरच्या दुष्काळात बारा वर्षांची पोर असताना ती बापासोबत तलावाच्या कामावर होती. बाप पिचिंग लावायचा, ती दगड द्यायची. बघता बघता हातात आलेलं ते काम पन्नास वर्षांनी हातातून गेलेलं नव्हतं. बसायची, दगड फिरवून बघायची, हातोडीचे दोन ठोके द्यायची आणि ठेवायची. ठेवलेला दगड पुन्हा हलत नसे.

सुंदरराव खूष होते. इतके खूष, की पन्नासाव्या दिवशी त्यांनी फडावर घ्यायचे तशी हजेरी घेतली. बांधावर उभे राहिले, कमरेवर हात, आणि आवाज सगळ्या दऱ्याला ऐकू जाईल असा.

‘आदिनाथचा कोयता?’

‘हाय!’

‘वैजिनाथचा कोयता?’

‘हाय!’

अशी सव्वीस नावं झाली. सगळे रंगात आले होते. मग सुंदररावांची नजर पिचिंगपाशी बसलेल्या तुळजाबाईंवर गेली आणि त्यांनी मोठ्या दिलानं, कुणी सुटू नये म्हणून, हाळी दिली, ‘आन तुळजाबाईचा अर्धा. साडेसव्वीस!’

माणसं हसली. वाईट मनानं कुणी हसलं नाही, साडेसव्वीस हा आकडाच गमतीचा. तुळजाबाईंनी हातातला दगड होता तिथं ठेवला. हातोडी पदराला पुसली, उठल्या आणि घराकडं चालू लागल्या.

‘तुळजाबाय, काय झालं?’ सुंदरराव वरून म्हणाले.

त्यांनी मागं वळूनही पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्या आल्या नाहीत. सुंदररावांना वाटलं, बरं नसेल. काम थांबवायचं कशाला, म्हणून आदिनाथ आणि वैजिनाथनं पिचिंग हातात घेतलं. गडी तरबेज, अंगात बळ, दोन दिवसांत त्यांनी चाळीस फूट लावून काढलं. दिसायला तुळजाबाईंच्या कामाहून देखणं. मोठमोठे चपटे दगड, सगळे तोंड बाहेर करून, फरशी घातल्यागत. आप्पांनी मोबाईलवर फोटोही काढला. तिसऱ्या दिवशी सकाळी सगळे आले तेव्हा ते चाळीस फूट खाली घसरून ढीग होऊन पडले होते. शेजारी तुळजाबाईंनी लावलेलं जसंच्या तसं उभं होतं.

त्या दिवशी नऊ वाजायच्या आतच माणसं पांगली, आणि दुसऱ्या दिवशी अकराच जोड्या आल्या. कोसळलेलं काम बघायला कुणाला आवडतं? आखाड महिन्यावर आला होता. पिचिंगशिवाय पहिल्याच मोठ्या पाण्यात बांध पुन्हा फुटणार होता, आणि मग या गावात श्रमदानाला पुढची पन्नास वर्षं कुणी उभं राहणार नव्हतं.

‘तिला काय धाड भरली कुनास ठाव,’ सुंदरराव घरी येऊन चिडचिडले. ‘नाव तर घेतलं की म्या.’

वनमालाबाई भाकरी थापत होत्या. ‘काय नाव घेतलं?’

‘तुळजाबाईचा अर्धा, म्हनलं.’

वनमालाबाईंचे हात थांबले. ‘अवं, तुमाला खरंच आठवत न्हाई?’

‘काय?’

‘म्हाळू वारला त्या साली. दसऱ्याच्या आदी म्हैनाभर. ती दोन लेकरं घिऊन, बोचकं बांधून ट्रकापशी आलती. मला न्या म्हनली, दोगांचं काम एकली करते म्हनली. तुमी फळीवर हुबं राहून काय म्हनलात?’

सुंदररावांना कुणाचं लेकरू कोणत्या कारखान्यावर जन्मलं ते आठवत होतं. कोणत्या साली कोणत्या ट्रकाचं चाक निखळलं ते आठवत होतं. हे मात्र त्यांना आठवायला लागलं. आणि आठवलं तेव्हा पुरतं आठवलं, बोचक्याच्या गाठीसकट.

‘अर्धा कोयता घेत न्हाई, म्हनलं,’ ते हळू म्हणाले.

‘मंग ती ऱ्हायली हितंच. झिऱ्यावर माझ्या आदी तीच यायची रोज.’ वनमालाबाईंनी भाकरी तव्यावर टाकली. ‘आन पहिल्या दिशी तुमच्या तळ्यावर कोन आलतं? सव्वीस कोयत्यांतलं एक तरी आलतं का?’

सुंदरराव जेवले नाहीत. तसेच उठले आणि खालच्या आळीला गेले. तुळजाबाई दारात बसून गोधडी शिवत होत्या. सुंदरराव त्यांच्या उंबरठ्यावर बसले.

बऱ्याच वेळानं तुळजाबाई म्हणाल्या, ‘हा डाव मला ठाव हाय, मुकादम. म्हाळूला न्यायला तुमी असंच बसायचात.’

‘डाव न्हाई ह्यो. बोलायला येईना म्हनून बसलो.’

सुई चालू राहिली.

‘चुकलं माझं,’ सुंदरराव म्हणाले. ‘परवाचंबी आन त्या सालचंबी.’

तुळजाबाईंनी दोरा दातानं तोडला. ‘ट्रक दिसायचा बंद झाला तरी मी लई येळ हुबी व्हते. वाटलं, फिरून येतेल.’ मग त्या गोधडीवर हात फिरवत राहिल्या.

‘मी अर्धी कावून, मुकादम? जोडी न्हाई म्हनून ना?’

‘धंद्याची रीत हाय ती. वाईट हाय.’

‘बरं. मंग आता रीतीनंच हुंद्या. पिचिंगला जोडी लागती. एक लावनारं, एक देनारं. माझ्या बापाला मी देत व्हते.’ त्यांनी पहिल्यांदा सरळ सुंदररावांकडं पाहिलं. ‘उद्यापासून दगड तुमी द्यायचे.’

‘मी?’ सुंदररावांनी आपल्या पोटाकडं पाहिलं. ‘अगं, आदिनाथला सांगतो की. गडी कसा...’

‘आदिनाथचा दगड नगं. मुकादमाचा पायजे.’

दुसऱ्या दिवशी सकाळी हाळी झाली नाही. माणसं त्यामुळंच उठली. आज मुकादम ओरडला कसा नाही म्हणून जी दहा-बारा माणसं तळ्याकडं बघायला आली, त्यांना बांधाच्या उतारावर तुळजाबाई दिसल्या, आणि त्यांच्यापासून हातभर अंतरावर, धोतर गुडघ्यापर्यंत खोचून, दोन्ही हातांत दगड धरलेले सुंदरराव दिसले.

‘ह्यो न्हाई,’ तुळजाबाई म्हणत होत्या. ‘ह्याला शेपूट न्हाई.’

‘दगडाला शेपूट असतंय?’

‘तोंड लहान, अंग लांब. लांब अंग मातीत घुसाया पायजे. तुमच्या पोरांनी तोंडं बघून दगड लावले.’

सुंदररावांनी तो टाकला, दुसरा उचलला. ‘ह्यो?’

‘न्हाई.’

‘ह्यो?’

‘न्हाई. मुकादम, तुमी मान्सं अशीच निवडायचात का?’

वरून हसू फुटलं. सुंदररावही हसले. पहिल्या दिवशी त्यांनी दिलेल्या शंभर दगडांतले वीस पसंत पडले असतील. दुसऱ्या दिवशी निम्मे. चौथ्या दिवशी त्यांना ढिगाकडं बघूनच कळायला लागलं, की कुठला मातीत धरेल आणि कुठला नुसता मिरवेल. तळहाताला फोड आले, फुटले, पुन्हा आले. रात्री वनमालाबाई त्यावर हळद आणि तेल लावायच्या आणि मुद्दाम जरा दाबून लावायच्या. ‘लई दुखतंय का?’ विचारायच्या आणि खुदकन हसायच्या. लग्नाला चाळीस वर्षं झालेली. या दोघांना असं एकमेकांसमोर हसताना घरानं फारसं पाहिलेलं नव्हतं.

आणि मग एक गंमत झाली. मुकादम स्वतः दगड उचलतोय ही बातमी दऱ्यातल्या वाड्यावस्त्यांवर पोचली. जन्मभर ज्यांनी त्यांना फळीवर उभं राहून हात करताना पाहिलेलं, ती माणसं खास बघायला यायला लागली. आदिनाथ बांधाच्या तोंडाशी उभा राहून त्यांना सांगायचा, ‘बघनं फुकट हाय, पन येताना एक दगड आनावा लागतोय.’ आलेला माणूस दगड आणायचा, बघायचा, हसायचा आणि आलोच आहे तर म्हणून दोन टोपली टाकून जायचा. दुसऱ्या दिवशी बायकोला घेऊन यायचा. उंबरठ्यावर बसून सुंदररावांनी जेवढी माणसं जमवली नव्हती तेवढी या तमाशानं जमवली. आप्पांना किटलीच्या जागी पातेलं आणावं लागलं. वनमालाबाई गुडघ्यांना शिव्या देत सकाळी पिठलं-भाकरी घेऊन वर यायला लागल्या, आणि ज्या बायकांशी चाळीस वर्षं झिऱ्यावर बोलल्या त्यांच्याशी बांधावर बसून बोलायला लागल्या. तुळजाबाईंनी धनश्रीला आणि आणखी चौघींना शेजारी बसवून पिचिंग शिकवलं. त्यांचा हात गड्यांपेक्षा लवकर बसला. याचं कारण तुळजाबाईंनी सांगितलं नाही, पण धनश्रीनं आदिनाथला सांगितलं, ‘आमी दगडाचं तोंड बघत न्हाई, शेपूट बघतो,’ आणि तो दोन दिवस गप्प होता.

आखाड लागायच्या पाच दिवस आधी शेवटचा दगड बसला. तो सुंदररावांनी दिला. तुळजाबाईंनी फिरवून पाहिला, काहीच न बोलता ठेवला आणि वर हातोडीचा एक ठोका दिला.

पाऊस यंदा बरा झाला. बांधाला एक ओरखडासुद्धा आला नाही, आणि श्रावण सरता सरता तळं सांडव्यावरून वाहायला लागलं. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदमळणी असते. त्या दिवशी बैलांना धुऊन त्यांचे खांदे हळद-तुपानं मळतात. इतकी वर्षं उंबरदऱ्यात बैल बादलीनं धुतले जायचे, तेही निम्मे. यंदा गावचे सगळे बैल तळ्यात उतरले. पोरं बैलांच्या पाठीवरून पाण्यात उड्या मारत होती, म्हातारे काठावर बसून पाय बुडवून होते, बायकांनी पाण्याची ओटी भरली आणि आप्पांनी गुळाची ढेप फोडली.

‘मुकादम,’ आदिनाथ पाण्यातून ओरडला, ‘आपला पट्टा पडला की. शेवटची हजेरी घ्या.’

हंगामाच्या अखेरी फडावर शेवटची हजेरी होते, ती रीतच आहे. सुंदरराव बांधावर चढले. कमरेवर हात ठेवले. सगळे ‘आदिनाथचा कोयता’ ऐकायला तयार होते. सुंदररावांनी क्षणभर थांबून घसा साफ केला.

‘आदिनाथ!’

‘हाय!’

‘धनश्री!’

तिकडून उत्तर आलं नाही. आपलं नाव हजेरीत येईल याची तिला कल्पनाच नव्हती. अकरा हंगाम ती आदिनाथच्या कोयत्यात मोजली गेली होती. शेजारणीनं ढोसलं तशी ती इतक्या जोरात ‘हाय’ म्हणाली की कडेवरचं लेकरू दचकलं.

मग एकेक नाव, सुटं सुटं, प्रत्येक गडी वेगळा आणि प्रत्येक बाई वेगळी. वाड्यावस्त्यांवरचं एक माणूससुद्धा सुटलं नाही. आप्पा झाले. मग त्याच आवाजात, चार लोकांत, सुंदरराव ‘वनमाला!’ म्हणाले, आणि बायकांत जो गलका उठला त्यात वनमालाबाईंचं ‘हाय’ कुणालाच ऐकू आलं नाही. त्या लाजून लाल झाल्या होत्या, पण उभ्या राहून म्हणाल्या एवढं खरं.

‘तुळजाबाई!’

‘हाय,’ तुळजाबाई म्हणाल्या. त्या पिचिंगवर बसल्या होत्या, पाण्यात पाय सोडून.

‘झाली हजेरी,’ सुंदरराव म्हणाले.

‘एक ऱ्हायलं.’

चाळीस हंगामांत नाव सुटलं नव्हतं, आणि सुटलेलं एक नाव काय करतं ते आता सुंदररावांना माहीत होतं. ते बोटांवर मोजू लागले. एकेका चेहऱ्याकडं बघू लागले. सगळे झाले होते. ‘कोन ऱ्हायलं, तुळजाबाय?’

तुळजाबाई उठल्या. पदर खोचला, कमरेवर हात ठेवले आणि फडावर ऐकायला मिळायची अगदी तशी हाळी दिली.

‘सुंदरराव!’

कोण सुंदरराव म्हणून दोन-चार पोरांनी मागं वळून पाहिलं. खुद्द सुंदररावांनीही पाहिलं. मग त्यांच्या ध्यानात आलं आणि कमरेवरचे हात खाली आले. आयुष्यभर हजेरी घेतलेल्या त्या माणसाला ती देताना कुठं बघायचं, हात कुठं ठेवायचे, काहीच ठाऊक नव्हतं. डोळे भरून आले होते आणि पुसायला उपरणं घरी राहिलं होतं.

‘हाय,’ ते कसेबसे म्हणाले.

‘ऐकू न्हाई आलं,’ तुळजाबाई म्हणाल्या.

‘हाय!’ सुंदरराव ओरडले. समोरच्या डोंगरावरून ते तसंच्या तसं परत आलं, आणि पाण्यात उभ्या असलेल्या बैलांनी माना वळवून बांधाकडं पाहिलं.